एक मिनिट, पूर्ण

बालरोग विभागात पोस्टिंग लागली की नर्सिंगच्या विद्यार्थिनीला वाटतं, आता सलाइन लावायला शिकवतील, इंजेक्शन देऊ देतील. वॉर्डातल्या सिस्टर मात्र एका आईच्या मांडीवरच्या बाळाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "याचे श्वास मोज. पूर्ण एक मिनिट."

यात शिकण्यासारखं काय, असं मनात येतंच. बाळ सात महिन्यांचं आहे, नाक वाहतंय, आईच्या अंगावर पेंगलंय. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं, मोठ्यांची नाडी पाहताना सर्रास करतात तसं. पंधरा सेकंदांत १२ श्वास भरले तर उत्तर येतं ४८. १३ भरले तर ५२. आता दोन महिने ते एक वर्ष या वयाच्या बाळासाठी मर्यादा आहे मिनिटाला ५०. पन्नास किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास, न्यूमोनियाची शंका. म्हणजे साधी सर्दी की न्यूमोनिया, हे एका श्वासाच्या चुकीवर ठरणार. आणि एक श्वास सुटायला काय लागतं? आईने मांडी बदलली, बाळाने उसासा टाकला, शेजारच्या खाटेवरचं मूल किंचाळलं आणि आपली नजर क्षणभर तिकडे गेली, की झालं. पंधरा सेकंदांतली ही एकाची चूक गुणाकाराने चारची होते. मिनिटभर मोजलं तर ती एकाचीच राहते.

म्हणून पूर्ण एक मिनिट. बाळ शांत हवं. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा धरायचा नाही. झोपेत असेल तर उठवायचं नाही. आईलाच झबलं वर करायला सांगायचं, म्हणजे अनोळखी हात लागून बाळ बिथरत नाही. छाती किंवा पोट, जिथे हालचाल नीट दिसते तिथे नजर लावायची आणि मग ती हलवायची नाही. मोजून झालं की बरगड्यांच्या खालच्या काठाकडे पाहायचं. श्वास आत घेताना तिथली छाती आत ओढली जात असेल तर ते त्याच क्षणी वरिष्ठांना सांगायचं, वहीत लिहिणं नंतर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची मर्यादा ६०, एक ते पाच वर्षांच्या मुलाची ४०. नवजात बाळ मध्येच पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा श्वास घेऊ लागतं, त्यामुळे तिथे पंधरा सेकंदांचा हिशेब आणखीच फसवा. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा पूर्ण मोजायचं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या सुईणींसाठी एक साधं उपकरण बनवलं होतं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर श्वास जलद. ज्यांना पन्नासपर्यंत अंक मोजता येत नव्हते त्या बायकांच्या हातात हे मोजमाप आलं. पुढे त्यांच्या नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीच्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हे मणी दाखवायला हवेत असं मला फार वाटतं. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच असूनही मिनिट अर्धवट सोडायचा मोह होतो, तेव्हा ते मणी आठवावेत.

नाशिक हे राज्यातल्या नर्सिंगच्या शिक्षणाचं एका अर्थाने मुख्यालय आहे. दिंडोरी रोडवर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ सालचं. राज्यभरातल्या बहुतेक बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या पदवीवर याच विद्यापीठाचं नाव असतं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, त्यानंतर राज्याची सीईटी, मग चार वर्षं. पुष्कळ पालक विचारतात, "मुलांचंच नर्सिंग करायचं असेल तर?" ब्रिटनमध्ये पहिल्या दिवसापासून बालपरिचर्येच्या पदवीला नाव घालता येतं आणि नोंदणीही त्याच शाखेची होते. आपल्याकडे तसं नाही. आधी सगळ्यांचं नर्सिंग शिकायचं, त्यात पाचव्या आणि सहाव्या सत्रात बालआरोग्य परिचर्या येते, आणि पुढे त्यातच एमएस्सी करता येतं. मला आपली पद्धत वाईट वाटत नाही. बाळाच्या खाटेवर बाळ एकटं नसतं. बाळंतीण असते, तिचा ताप असतो, तिची रक्तक्षयाने पांढरी पडलेली बोटं असतात. ते ओळखता यायला मोठ्यांचं नर्सिंग आलेलं असावं लागतं.

श्वासानंतर वजन. मुलांच्या वॉर्डात वजनाचा आकडा केसपेपरच्या डोक्यावर असतो, कारण औषध, सलाइन, दूध सगळं त्याच्यावर बेतलेलं. काट्यावर आधी दुपटं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, मग बाळ. ओला लंगोट काढायचा. सलाइनचा हात सरळ राहावा म्हणून फळी बांधलेली असेल तर तसं लिहायचं, नाहीतर उद्या फळी काढल्यावर बाळाचं वजन एका रात्रीत घटलेलं दिसेल आणि राउंडला सगळे कारण शोधत बसतील. रोज एकाच काट्यावर, एकाच वेळी, दूध पाजण्याआधी. आईने सांगितलेलं "आठ-एक किलो असेल" हे वजन नव्हे.

मग येतो औषधाचा हिशेब, आणि इथे मी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त घात इथेच होतो. आठ किलोच्या बाळाला ताप आहे. डॉक्टरांनी किलोला १५ मिलिग्रॅम याप्रमाणे पॅरासिटॅमॉल लिहिलं. आठ गुणिले पंधरा, १२० मिलिग्रॅम. इथपर्यंत कोणी चुकत नाही. आता कपाटात तीन बाटल्या आहेत. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, त्यातून द्यायचे ४.८ मिलिलिटर. दुसऱ्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये २५०, त्यातून २.४. तिसरी थेंबांची छोटी बाटली, तिच्यात एका मिलिलिटरमध्ये १००, म्हणजे फक्त १.२. औषध एकच आणि बाळही तेच, पण उत्तरं तीन. पहिल्या बाटलीचं ४.८ हे उत्तर डोक्यात ठेवून कोणी थेंबांची बाटली उचलली तर बाळाच्या पोटात ४८० मिलिग्रॅम जाईल, ठरलेल्याच्या चौपट. छोटी बाटली म्हणजे सौम्य औषध, असं घरोघरी वाटतं, आणि विद्यार्थ्यांनाही वाटतं. प्रत्यक्षात लहान बाळाला थोडंच पाजता येतं म्हणून ते औषध दाट केलेलं असतं.

यावर उपाय वाचण्याचा आहे. बाटली उचलताना, औषध भरताना आणि परत ठेवताना, असं तीनदा लेबल वाचायचं. "चमचाभर" हा शब्द वॉर्डात वापरायचाच नाही. आकडा लिहिताना टिंबाच्या आधी शून्य हवंच. पाच दशांश लिहायचं तर ०.५, नुसतं .५ लिहिलं आणि टिंब कागदाच्या घडीत गेलं की पाच झाले. उलट दोन लिहायचे तर २ एवढंच, २.० नको, कारण तिथलं टिंब पुसलं की वीस.

इंजेक्शनच्या बाबतीत तर दशांश म्हणजे धारच. जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या नेहमीच्या अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत, २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम असतं. दोन किलोच्या बाळाला किलोला ५ प्रमाणे १० मिलिग्रॅम लिहिलं तर भरायचं ०.२५ मिलिलिटर. हे १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्येच भरायचं; ५ मिलिलिटरच्या सिरिंजवर पाव मिलिलिटर नीट दिसतच नाही. टिंब सरकून २.५ झालं तर? एका अँप्यूलमध्ये तेवढं औषध मुळात मावतच नाही, दुसरी फोडावी लागेल. हात दुसऱ्या अँप्यूलकडे गेला की तिथेच थांबायचं. एवढ्याशा बाळाच्या एका डोससाठी दोन अँप्यूल लागतायत म्हणजे हिशेब चुकलाय, असं आधी धरून चालायचं आणि दुसऱ्या सिस्टरकडून स्वतंत्रपणे करून घ्यायचा. आपलं उत्तर तिला आधी सांगायचं नाही. सांगितलं की तिलाही तेच उत्तर येतं.

सलाइनचंही तसंच. रोजच्या पाण्याच्या गरजेचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो: पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५०, त्यावर २०. चौदा किलोच्या मुलाला दिवसाला १२००, म्हणजे तासाला ५० मिलिलिटर. मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यामुळे तासाचे मिलिलिटर आणि मिनिटाचे थेंब हा आकडा एकच येतो, पन्नास. फार सोयीचं आहे हे. पण सेट संपले आणि कोणी मोठ्यांचा सेट जोडला, ज्यात २० थेंबांचा मिलिलिटर होतो, तर तेच पन्नास थेंब तासाला १५० मिलिलिटर सोडतात.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नसते. मूल कोपर दुमडतं, थेंब मंदावतात. कोणीतरी येऊन सलाइनच्या नळीवरची चाकी थोडी सैल करतं. दहा मिनिटांनी मूल हात सरळ करतं आणि सलाइन धो धो सुटतं. म्हणून थेंब मंदावले की आधी हात बघायचा, चाकीला नंतर हात लावायचा. मापाची नळी असलेला सेट असेल तर त्यात दोन तासांपुरतंच पाणी भरायचं. काही बिघडलं तरी मर्यादेत बिघडेल. आणि दर तासाला सुईची जागा दुसऱ्या हाताशी ताडून बघायची. एक हात फुगलेला, गार आणि ताठ लागला तर सलाइन शिरेबाहेर जातंय, लगेच बंद. बोटांची टोकं उघडी दिसायलाच हवीत. पट्टीखाली सगळा पंजा गुंडाळून टाकला की दिसतं नीटनेटकं, पण आत काय चाललंय ते कळत नाही.

थंडीबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बरेचदा एक आकड्यात उतरतो, द्राक्षबागांत शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे दीड किलोचं बाळ जन्मलेलं असतं. त्याच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, आणि थंडीने कुडकुडून ऊब तयार करणं त्याला जमत नाही. ऊब टिकवायला ते साखर आणि प्राणवायू जाळतं, मग साखर उतरते, मग ते सुस्तावतं, दूध ओढत नाही, आणखी गार पडतं. म्हणून बाळाच्या हातपायांना हात लावणं हा नुसता लाड नाही. हाताची मागची बाजू आधी पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही ऊबदार तर बाळ ठीक. पोट ऊबदार आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार, म्हणजे धोका, तातडीने हालचाल. काखेत थर्मामीटरवर ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हवं.

उपाय म्हणून हीटर, वॉर्मर आहेत. पण सगळ्यात भरवशाची ऊब आईच्या छातीवर आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे पडायचे, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट, बाकी काही नाही. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला वळवून किंचित वर. हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो. नव्या विद्यार्थ्यांची नेमकी इथेच चूक होते, कारण बाळ तसं निवांत झोपलेलं दिसतं. वरून सुती ओढणी किंवा लुगड्याची घट्ट पण मऊ बांधणी. एका वेळी किमान तासभर, आणि दिवसात जितके जास्त तास तितकं बरं. आई थकली तर बापाच्या छातीवर. ग्रामीण भागातला बाप आधी संकोचतो, पण एकदा बाळ बांधून दिलं की तास संपल्यावर परत देताना त्याचीच कां कूं सुरू होते.

घरातल्या बायकांशी बोलणं हा या अभ्यासाचा अर्धा भाग आहे आणि त्याला लॉगबुकात रकाना नाही. आपल्या आज्यांकडे बोंडलं असायचं, चोचीचं छोटं भांडं. ज्या बाळाला अजून ओढून पिता येत नाही त्याला आईचं काढलेलं दूध पाजायला नवजात शिशू विभागात आज नेमकं तेच वापरतात, 'पलाडाई' नावाने. दुधाची बाटली तिथे आणूही देत नाहीत. आजीला सांगायचं, "आजी, तुमचंच बोंडलं आहे हे, फक्त दर वेळी वीस मिनिटं उकळायचं." मग आजी आपल्या बाजूने येतात. तीच आजी कुठे मध चाटवते, कुठे काजळ घालते, कुठे बाळंतिणीच्या शेगडीचा धूर बंद खोलीत कोंडते. तेही सोडवायचं असतं, पण बोंडल्याचा मान आधी दिला तर आजी ऐकून घेते.

प्रश्न विचारण्याचंही तंत्र आहे. "लघवी नीट होते ना?" विचारलं की आई "हो" म्हणते. मालेगाव-सटाण्याकडची आई अहिराणीत, सुरगाण्याकडची कोकणा बोलीत, पण "हो"च म्हणते. त्याऐवजी: "ताई, काल सकाळी उठल्यापासून आत्तापर्यंत किती लंगोट बदलले?" ती बोटं मोजू लागते. तान्ह्याला चोवीस तासांत सहा-आठदा शू व्हायला हवी. चारवर बोटं थांबली की दूध कमी पडतंय किंवा पाणी कमी झालंय. वॉर्डात तर लंगोटच तोलतात. ओल्यातून कोरड्याचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे ढोबळ एक मिलिलिटर लघवी.

सुई टोचण्याबद्दल मला रागाने बोलावंसं वाटतं. चौघांनी हातपाय दाबून मुलाला टेबलावर आडवं पाडायचं, आणि त्याआधी "रडलास तर आणखी टोचीन" म्हणायचं, हे अजूनही दिसतं. मूल सुई विसरतं, पण आडवं पाडणं विसरत नाही, आणि पुढच्या वेळी पांढरा कोट दिसताच किंचाळतं. आईच्या मांडीवर, तिच्या छातीशी तोंड करून बसवलं की एक हात मोकळा मिळतो आणि काम होतं. तान्ह्याला टोचण्याच्या दोन मिनिटं आधी आईचं दूध पाजलं की दुखणं कमी जाणवतं. हात गार असेल तर आधी आपल्या ओंजळीत गरम करायचा, मग शीर दिसते. पिवळी २४ नंबरची सुई, दोन प्रयत्न; नाही जमलं तर वरिष्ठांना हाक मारायची, तिसरा प्रयत्न आपला नाही. आणि खोटं बोलायचं नाही. "दुखेल, पण आईला घट्ट धर आणि दहापर्यंत मोज" हे चार वर्षांच्या मुलाला समजतं.

मुलाला घरी सोडण्याच्या दिवशी गडबड असते. एसटी पकडायची असते, पेठ-हरसूलकडच्या लोकांना तर दुपारची गाडी चुकली की रात्र स्टँडवर. या घाईत सगळ्यात महत्त्वाची शिकवण गुंडाळली जाते. जुलाबाने आलेल्या मुलाच्या आईला ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या हातात देतात, "पाण्यात घालून पाजा, चौदा दिवस गोळी द्या" म्हणतात, ती मान डोलावते. घरी जाऊन अख्खं पाकीट एका पेल्यात घालते. दाट, खारट पाणी मुलाच्या आतड्यातून उलट पाणीच ओढून आणतं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात, मग गोळी कशाला, म्हणून झिंक उतरंडीवर राहतं.

म्हणून सांगायचं कमी, करून घ्यायचं जास्त. वॉर्डातच लिटरची रिकामी पाण्याची बाटली तिच्या हातात द्यायची. तिनेच ती गळ्यापर्यंत भरायची, पातेल्यात ओतायची, पाकीट फोडायचं, झटकून पूर्ण रिकामं करायचं, ढवळायचं, चाखून बघायचं. अश्रूंपेक्षा खारट नको. मग वाटी-चमच्याने मुलाला पहिला घोट तिच्याच हाताने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. झिंकची गोळी चमच्यात विरघळवून तिनेच दाखवायची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धीच, तीही तिनेच मोडायची. गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने शेवटच्या दिवसाचा वार लिहायचा, आणि वाचता येत नसेल तर चौदा रेघा, रोज एक खोडायची.

तिचं चुकलं तर तोंडाने दुरुस्ती सांगायची नाही. पातेलं रिकामं करून बाटली परत तिच्या हातात द्यायची.